राजाबद्दल मत विचारलं तर

अभिनंदन! परवाच टाउन हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून, भिंतीवरच्या फोटोकडे बघत तुम्ही ब्रिटिश झालात. राजे तिसरे चार्ल्स, ‘त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी’ यांच्याशी एकनिष्ठ राहायचं कबूल केलंत. देव नको असेल तर नुसती प्रतिज्ञा करायची सोय होती. राजा नको असेल तर तशी सोय नव्हती. हे वारस कोण, किती, कुठल्या क्रमाने, ते तुम्ही विचारलं नाहीत. बरं केलंत. अंतरपाट धरल्यावर पलीकडे कोण उभं आहे अशी चौकशी करायची नसते.

आता कधीतरी संध्याकाळी, पोळ्या चालू असताना, जनमत पाहणीवाल्यांचा फोन येईल. राजेशाही असावी का? चार्ल्सनी मुलासाठी, विल्यमसाठी, गादी सोडावी का? अजिबात घाबरू नका. मोकळेपणाने बोला. तुमच्या बोलण्याने काही होत नाही, म्हणून तर विचारतात.

हे पटत नसेल तर चार्ल्स यांचीच हकिगत बघा. तिसऱ्या वर्षी वारस झाले, त्र्याहत्तराव्या वर्षी राजे. त्यातली कित्येक वर्षं लोक पाहण्यांतून सांगत होते की यांना राहू दे, थेट पोराला बसवा. वर्तमानपत्रांनी त्याचे रंगीत तक्ते छापले. ८ सप्टेंबर २०२२ ला बाल्मोरलमध्ये त्यांच्या मातोश्री, राणी एलिझाबेथ गेल्या आणि त्याच क्षणी चार्ल्स राजे झाले. तक्ते कुणी उघडूनही पाहिले नाहीत. आणि गंमत म्हणजे राज्याभिषेकापर्यंत तेच लोक ‘तसे बरे आहेत हो’ म्हणू लागले होते.

नातेवाईक वगळायची कला त्या देशाला येत नाही, असं मात्र म्हणू नका. १७०१ च्या कायद्याने पन्नासच्या वर जवळचे दावेदार केवळ कॅथलिक म्हणून बाजूला केले आणि वारस शोधत मंडळी थेट जर्मनीत, हॅनोव्हरला पोचली. तिथून १७१४ मध्ये पहिले जॉर्ज आले. त्यांचं इंग्रजी यथातथाच. म्हणजे दूरचा चालतो, परका चालतो, भाषा न येणाराही चालतो. साताऱ्याच्या गादीवर दत्तक मुलगा तेवढा चालला नाही. तिथे १८४८ मध्ये डलहौसी साहेबांना रक्ताचाच वारस हवा होता. (ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत हा विषय काढू नये. प्रमोशन अडलं असेल तर नक्कीच नाही.)

यादीतून एखादं नाव काढावं असं तुमचं मत असेल, तर तेही द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजांनी सख्ख्या भावाची, अँड्र्यूची, प्रिन्स ही पदवी काढून घेतली, पण वारसांच्या यादीतलं त्याचं आठवं नाव जागच्या जागी राहिलं. ते काढायला संसदेचा कायदा लागतो. शिवाय चार्ल्स आणखी चौदा देशांचेही राजे असल्यामुळे त्यांचीही संमती घ्यायची रीत आहे. त्यात पॅसिफिकमधलं तुवालूही आलं, दहा-अकरा हजार वस्तीचं. म्हणजे तुवालूला विचारतील. तुम्हाला फोन येईल.

खर्चाबद्दल फार बोलू नका. २०२५-२६ साठी राजघराण्याचं सरकारी अनुदान १३.२ कोटी पौंडांवर गेलं, कारण राजवाड्याच्या दुरुस्तीचं दिलं. माणशी जेमतेम दोन पौंड पडतात आणि एवढ्यात लंडनमध्ये धड कॉफी येत नाही, हे ऐकवायला कुणीतरी टपलेलंच असतं. राजाकडून राजाकडे जाणाऱ्या संपत्तीवर वारसाकर नाही, आणि तुमच्या पोरांना मात्र ठरावीक मर्यादेपुढे ४० टक्के भरावा लागेल. हिशेब मनात करा.

राजेशाही नकोच असेल तर तसंही सांगा. दहातले साधारण सहाजण ‘असू दे’ म्हणतात, तरुणांत हा आकडा बराच खाली आहे. तेव्हा पंचविशीच्या आत असाल तर ‘नको’ शोभून दिसतं. फक्त फोनवरच सांगा. ६ मे २०२३ ला, राज्याभिषेकाच्या सकाळी, ‘नॉट माय किंग’चे पिवळे फलक घेऊन आलेल्यांच्या म्होरक्यांना ते फलक गाडीतून उतरवतानाच पोलिसांनी उचललं. नंतर पोलिसांनी खेद व्यक्त केला. तोवर मिरवणूक संपली होती.

गावाकडून सासरे विचारतील, तेव्हा सूर बदला. त्यांच्या लेखी चार्ल्स म्हणजे २००३ मध्ये चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटलेले, लग्नालाही त्यांना बोलावणारे पाहुणे. राज्याभिषेकासाठी डबेवाल्यांनी पुणेरी पगडी आणि उपरणं घेतलं होतं. त्यांच्यापुढे वारसाकर काढलात तर जावई म्हणून तुमचीच पाहणी सुरू होईल.

एक चित्रफीत मात्र शोधून बघा. आई जाऊन पाच दिवस झालेत, उत्तर आयर्लंडमधल्या हिल्सबरोच्या वाड्यात राजे वहीत सही करताहेत. तारीख चुकली. मग पेन गळलं आणि शाई बोटांना लागली. राजे वैतागून उठले, राणी कॅमिलाबाईंनी पेन हातात घेतलं, तर ते त्यांच्याही हातात गळायला लागलं. आपल्याकडे बोटाला शाई लागली की माणूस राज्यकर्ता निवडायला मत देऊन आलेला असतो. तिथे ती लागली राजाच्याच बोटाला. फोनवरच्या मुलीला हे सांगायला जाऊ नका, तिच्या कॉम्प्युटरवर त्यासाठी चौकोन नसतो.