पाच पायांची बकरी

डिस्ने वर्ल्डला जाऊन आलं की लोक हमखास विचारतात, सगळ्यात भारी राइड कुठली? मी म्हणते, बस. त्यांना वाटतं मी गंमत करतेय.

फ्लोरिडातलं हे प्रकरण सुमारे २५ हजार एकरांवर पसरलेलं आहे. एकरात सांगून उपयोग नाही, एकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊस येतो. चौरस किलोमीटरमध्ये मोजलं तर शंभर भरतात. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई अडुसष्टच्या आसपास आहे. म्हणजे ती अख्खी उचलून इथे ठेवली तरी वर गाड्या लावायला जागा उरेल. एवढ्या जागेत चार मोठी पार्क, दोन वॉटर पार्क, एक बाजारपेठ, वीसच्या वर हॉटेलं आणि मधे तळी नि झाडी. तुम्ही झोपता एका टोकाला आणि मिकी उभा असतो दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर कापायला बस, मोनोरेल, फेरीबोट, होडी आणि रोपवे. हॉटेलात उतरलेल्यांना यातलं कशालाच तिकीट नाही.

तिकीट नाही, हे नवऱ्याने विमानातच त्याच्या बाबांना सांगून टाकलं. तिथेच आमच्या सहलीची दिशा ठरली.

माझे सासरे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आयुष्य सातारा स्टँडवर गेलं. निवृत्त झाले म्हणजे पगार थांबला, नियंत्रण चालूच आहे. २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा मोनोरेल सुरू झाली तेव्हा ते साताऱ्याहून मुद्दाम जाऊन, बसून, दोष काढून परत आले होते. न्यू जर्सीत आमच्याकडे आल्यापासून शेजारच्या शाळेच्या बसची वेळ त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवली आहे. मिकी कोण हे त्यांना नातवामुळे माहीत होतं, पण मिकीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

आमचं हॉटेल पॉप सेंच्युरी. स्वस्तातलं, म्हणजे तिथल्या मानाने. पहिल्या सकाळी आम्ही सगळे तयार होऊन खाली आलो तर बाबा आधीच स्टँडची पाहणी करून आले होते. हात मागे, चष्मा कपाळावर.

"फलाट आहेत, पाट्या आहेत, पुढची गाडी किती मिनिटांत ते दाखवणारा बोर्ड आहे. गाड्या चारशेच्या आसपास म्हणतात. चौकशीची खिडकी दिसली नाही. बाकी ठीक."

मग थोडं थांबून म्हणाले, "हे कधीचं?"

"पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, बाबा."

"आपली पहिली गाडी १ जून १९४८. पुणे-नगर." आणि ते बसमध्ये चढले. सेवाज्येष्ठता स्पष्ट झाली होती.

बसमध्ये कंडक्टर नाही, हे आईंना पटेना. त्या मुठीत सुटी नाणी घेऊन बसल्या होत्या. पुढच्या थांब्यावर गर्दी दिसताच त्यांनी सवयीने शेजारच्या सीटवर रुमाल टाकला, कारण नवरा आणि लेक मागे उभे होते. एका गोऱ्या गृहस्थांनी तो रुमाल अदबीने उचलला, झटकला, घडी घालून आईंच्या हातात दिला, आणि हसून त्या सीटवर बसले. आई अवाक. पन्नास वर्षांत ज्या रुमालाकडे पाहून भले भले मागे फिरले, त्याची अशी घडी कुणी घातली नव्हती.

एका गोष्टीवर मात्र बाबा मनापासून खूश झाले. व्हीलचेअरवरच्या एक आजीबाई होत्या. ड्रायव्हरने सगळ्या रांगेला थांबवून आधी उतार टाकला, आजीबाईंना आत घेतलं, मग स्वतः गुडघ्यावर बसून खुर्चीच्या चारही बाजूंना पट्टे अडकवले, प्रत्येक पट्टा ओढून पाहिला आणि मगच उठला. बाहेर रांग निमूट उभी. बाबा वाकून वाकून बघत होते. ड्रायव्हरच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली त्याचं गाव लिहिलेलं होतं. इथे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यावर असतं. उतरताना बाबांनी त्याच्याशी हात मिळवला आणि बिल्ल्यावरच्या गावाकडे बोट दाखवून म्हणाले, "मी सातारा." तो म्हणाला, "नाइस!" दोघांचंही समाधान झालं.

रोपवेचं नाव स्कायलायनर. २०१९ मध्ये सुरू झाला. आमच्या हॉटेलच्या तळ्यावरूनच निघतो आणि हॉलीवूड स्टुडिओज नि एपकॉट या पार्कांकडे जातो. एका डब्यात दहा माणसं मावतात, झुळूक लागते, खाली तळं, समोर आकाश. अडचण एकच. डबे थांबत नाहीत. स्टेशनात येऊन हळू होतात, आणि त्या हळूपणातच आत शिरायचं.

आईंनी चार दशकं एस.टी.त एकच वाक्य डोळ्यांसमोर ठेवून प्रवास केला आहे: धावत्या गाडीत चढू अगर उतरू नये. नवऱ्याची नोकरी त्या वाक्यावर चालली होती. तिथला पोरगा "कम ऑन इन" म्हणतोय आणि आई म्हणतायत, "आधी थांबव." डबा गेला. दुसरा आला. "थांबव की रे बाळा!" तोही गेला. लेक आत, आम्ही बाहेर, असं एकदा होता होता राहिलं. शेवटी त्या पोरानेच आम्हाला बाजूच्या रांगेत नेलं, जिथे व्हीलचेअरवाल्यांसाठी डबा पूर्ण थांबवतात. आई सावकाश आत गेल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, "सांगितल्यावर थांबवतात. आपणच बोलत नाही."

कॅरिबियन बीच या हॉटेलापाशी उतरून एपकॉटचा डबा धरायचा असतो. बाबांना हे अजिबात नवीन नव्हतं. "कराडला उतरायचं, चिपळूणची धरायची. चला."

नवऱ्याने या सहलीसाठी एक्सेल शीट केली होती. तिच्यात प्रत्येक पार्क, प्रत्येक राइड, प्रत्येक जेवण होतं. चालणं नव्हतं. एका सकाळी उशीर झाला म्हणून तो म्हणाला, आज टॅक्सी, मी पैसे देतो, कुणी काही बोलायचं नाही. कुणी काही बोललं नाही. टॅक्सीने आम्हाला मॅजिक किंगडमच्या तळ्याच्या अलीकडच्या काठावर आणून सोडलं, कारण खाजगी गाड्यांची हद्द तिथेच संपते. समोर पाण्यापलीकडे किल्ला दिसत होता, इवलासा, वाढदिवसाच्या केकवर लावतात तेवढा. आता फेरीबोट नाहीतर मोनोरेल. आणि हॉटेलची फुकटची बस? ती थेट दाराशी जाते. बाबा बोटीच्या कठड्याला टेकून पलीकडे बघत राहिले. त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की ते हसतायत.

मला स्वतःला या सगळ्यात वॉल्ट डिस्नेबद्दल वाईट वाटलं. त्याला फ्लोरिडात खरंतर नुसतं जत्रेचं मैदान नको होतं. एपकॉट नावाचं खरंखुरं शहर वसवायचं होतं, माणसं राहतील असं: मोटारी जमिनीखालून, लांबच्या अंतराला मोनोरेल आणि जवळच्या अंतराला पीपलमूव्हर, कधीच न थांबणाऱ्या छोट्या डब्यांची माळ. १५ डिसेंबर १९६६ ला तो गेला आणि शहर कागदावर राहिलं. एपकॉट नावाचं पार्क झालं १९८२ मध्ये, पण तिथे कुणी राहत नाही. पीपलमूव्हर मात्र आहे. मॅजिक किंगडमच्या टुमॉरोलँडमध्ये १९७५ पासून फिरतोय.

"ही कुठं जाते?" बाबांनी रांगेत विचारलं.

"कुठेच नाही. फिरून इथेच येते."

"मग एवढी माणसं?"

याला उत्तर नव्हतं. आत बसलो, सावली होती, वारा होता, पायांना आराम होता. पहिल्याच वळणावर बाबांना डोळा लागला. फेरी संपली तेव्हा त्यांना उठवावं लागलं. "आलं का?" म्हणाले. म्हटलं, जिथून निघालो तिथेच आलंय. "मग उत्तम," म्हणाले. भविष्यातल्या शहराची वाहतूक इतकी निवांत असेल असं वॉल्टलाही वाटलं नसेल.

पण खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती पार्कात नव्हती. माझे थोरले दीर-जाऊ डॅलसहून त्याच आठवड्यात आले होते आणि पॉलिनेशियनमध्ये उतरले होते. ते हॉटेल मोनोरेलवर आहे. आपल्याकडे जाहिरातीत ‘स्टेशनपासून दोन मिनिटं’ या तीन शब्दांचे किती लाख होतात ते ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या हॉटेलचं भाडं वेगळं सांगायला नको.

जाऊबाईंचा फोन आला. "संध्याकाळी या की सगळे इकडे. जवळच तर आहे."

टॅक्सीने पंधरा मिनिटं, हे खरं. पण टॅक्सीचं नाव काढायची आता कुणाची छाती नव्हती. आणि एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जाणारी बस इथे नसते. बस हॉटेलातून पार्कात जाते आणि पार्कातून हॉटेलात. शेजाऱ्याकडे जायचं तर आधी मिकीच्या दारात जाऊन यायचं. बाबांना हे तत्त्व एकदम मान्य. "सगळ्या गाड्या स्टँडवरून. बरोबर आहे. गावागावांतून परस्पर गाड्या सोडल्या तर हिशेब लागत नाही."

आईंनी न्यू जर्सीहून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या पुडाच्या डब्यात भरली. मोठ्या सुनेकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मॅजिक किंगडमला बसमधून उतरल्यावर मोनोरेलकडे जायच्या आधी सुरक्षातपासणी असते. माणसं नुसती चालत जातात, यंत्राला काही खटकलं तरच थांबवतात. यंत्राला आई खटकल्या. बाजूला घेतलं, पिशवी उघडली, डबा उघडला. लसणाचा वास सुटला. त्या पोलिसासारख्या दिसणाऱ्या बाईंनी आत पाहिलं, आईंकडे पाहिलं. आईंनी ताबडतोब झाकणावर एक दशमी काढून पुढे केली. "घ्या, प्रवासात टिकते." बाईंनी हसून हात जोडले. आमच्यामागे रांग वाढत होती आणि नवरा आपण या कुटुंबातले नाही असा चेहरा करून नकाशा वाचत होता.

मोनोरेलच्या गाड्यांना रंगांची नावं आहेत. लेकाला पिवळीच हवी होती. पिवळी आली नाही, दुसरीच कुठली आली, थोडं रडणं झालं. दारं लागताना इंग्रजी सूचना होते आणि पाठोपाठ स्पॅनिश, "पोर फावोर मान्तेंगान्से आलेहादो दे लास पुएर्तास." आईंना ती एव्हाना तोंडपाठ झाली होती. अथर्वशीर्षाच्या सुरात त्या ती सोबत म्हणतात. शेजारचं एक कोलंबियन कुटुंब भारावून गेलं.

पुढचं स्टेशन कंटेम्पररी हॉटेल. इथे गाडी हॉटेलच्या पोटातूनच जाते. आत मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने केलेलं सत्तावीस मीटर उंचीचं टाइल्सचं भित्तिचित्र आहे, १९७१ पासूनचं. मुलं, फुलं, पक्षी, आणि त्यात एक बकरी, जिला पाच पाय आहेत. लेकाने हे कुठेतरी वाचलं होतं. रडणं विसरून तो काचेला चिकटला. "आजोबा, बघा, बघा! पाच!"

बाबांनी चष्मा खाली घेतला. शांतपणे मोजले.

"इथं राहायचं तर लागणारच," म्हणाले.

पॉलिनेशियनला पोहोचलो तर जाऊबाई दारातच. केस धुतलेले, अंगावर इस्त्रीचा कुर्ता. "केवढा उशीर! आम्ही तर दुपारी जाऊन, येऊन, झोप काढून तयार." मी काही बोलले नाही. पाय सोडून बसले. पोरांनी अननसाचं आइस्क्रीम खाल्लं, मोठ्यांनी दशम्या. दिरांनी तीन खाल्ल्या आणि म्हणाले, या अख्ख्या डिस्नेत अशी चव नाही. जाऊबाईंनी चटणीचा डबा ठेवून घेतला.

परत निघालो तेव्हा आतषबाजी नुकतीच संपली होती. मॅजिक किंगडमच्या बाहेर माणसांचा पूर आलेला. एकीकडे झोपलेली पोरं खांद्यावर घेतलेले बाप, दुसरीकडे बसमध्ये चढण्याआधी बाबागाडीची घडी घालायचा नियम पाळणारे बाप. एका हातात मूल, एका हातात फुगा, आणि पायाने गाडी मिटवायची धडपड. थांबे इतके की आपला कुठला ते शोधतानाच माणूस थकतो. आम्ही शोधत होतो. बाबा नव्हते.

ते भेटले थांब्यांच्या तोंडाशी. हात मागे, चष्मा कपाळावर, मधोमध उभे. त्या उभं राहण्यात असं काही होतं की लोक आपोआप त्यांनाच विचारत होते. एक बाई दोन पोरं घेऊन आली, हॉटेलचं नाव घेतलं. बाबांनी एकही शब्द न बोलता दोन बोटांनी दिशा दाखवली, मग हाताने एक वळण. ती गेली. एक गुजराती कुटुंब आलं, त्यांना हिंदीत सविस्तर मार्गदर्शन झालं. खऱ्या गणवेशातला कर्मचारी जवळच उभा होता. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला स्वतःच त्यांच्याकडे पाठवलं.

"बाबा, आपली गाडी!"

"जाऊ द्या ही. उभं राहून जावं लागेल. मागून रिकामी येतेय." मागून खरंच रिकामी आली.

गाडीत टेकतोय तोच जाऊबाईंचा फोन. बाबांनी घेतला. उद्या आम्हीच येतो तुमच्याकडे, म्हणत होत्या, आईंनी केलेला चिवडाही न्यायचाय. कितीसं लांब आहे?

"छे, जवळच तर आहे," बाबा म्हणाले. "कागद घे. लिहून घे. आधी मोनोरेल..."

मी टॅक्सीचं सांगायला तोंड उघडलं. नवऱ्याने हळूच माझा हात दाबला.