गाडी चोरानं न्यायची, क्लेम आपण घालवायचा

मोटरसायकल चोरीला जायला मिनिटसुद्धा लागत नाही. हँडल लॉकला एक हिसडा, दोन वायरी डायरेक्ट, आणि महाद्वार रोडवर लावलेली गाडी तुम्ही चप्पल खरेदी करेपर्यंत पंचगंगा पुलाच्या पलीकडं. विम्याचा क्लेम मात्र असा चुटकीसरशी बुडत नाही. त्याला वर्षानुवर्षांची तयारी लागते. कोल्हापूरकरांकडं ती उपजतच असते, तरीही अधूनमधून कुणाचा तरी क्लेम मंजूर झाल्याचं कानावर येतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात गाडी घेतानाच करावी. शोरूममध्ये हार घालून, नारळ फोडून, पेढे वाटून झाले की हातात पॉलिसीचा कागद येतो. त्यावर 'पाच वर्षे' असं कुठंतरी दिसतं, तेवढंच वाचावं आणि घडी घालावी. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, ती ही पाच वर्षं. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून द्यायला हा विमा. तुमच्या गाडीचं काही झालं, म्हणजे चोरी, आग, पूर, तर त्याला 'ओन डॅमेज' लागतं. एजंट त्याला ओडी म्हणतात. ते त्याच कागदावर पण बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. दुसऱ्या वर्षी त्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला की 'पाच वर्षांचा काढलाय की' असं म्हणून तो डिलीट करावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात निम्म्या शहराला ओडी म्हणजे काय ते कळलं होतं. पाणी ओसरलं तसं तेही ओसरलं, हे उत्तम झालं. २०१९ च्या सप्टेंबरपासून नुसती ओडीची पॉलिसी वेगळी, हव्या त्या कंपनीकडून घेता येते, ही माहिती घरात कुणाला सांगू नये.

पाच वर्षं संपल्यावर तर सोपंच आहे. ७५ ते १५० सीसीच्या गाडीचं वर्षाचं थर्ड पार्टी २०२२ च्या दरानं ७१४ रुपये अधिक जीएसटी. पोलिसानं अडवलं तर दाखवायला तेवढं पुरतं, आणि विमा पोलिसाला दाखवण्यासाठीच काढायचा असतो.

समजा चुकून ओडी निघालीच, तर आयडीव्हीकडं लक्ष द्यावं. गाडी चोरीला गेल्यावर कंपनी जास्तीत जास्त किती देणार, तो हा आकडा. शोरूम किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घसारा वजा होतो. आरटीओचा टॅक्स आणि विम्याचा हप्ता यात धरत नाहीत. म्हणजे ८० हजार शोरूम किमतीची गाडी अडीच वर्षांची असताना गेली, तर ५६ हजार, आणि त्यातून शंभर रुपये सक्तीची वजावट. ऑनलाइन पॉलिसी काढताना हा आकडा खाली ओढायची सोय असते. तो दहा हजारांनी खाली ओढावा. हप्त्यात शे-दीडशे वाचतात. तेवढ्यात एक मिसळ तरी होते.

जुनी गाडी घेणाऱ्यांना तर फारसं काही करावंच लागत नाही. व्यवहार ओळखीतला असतो, पैसे रोख दिलेले असतात आणि मालकानं टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या कागदांवर, सह्या करून दिलेल्या असतात. त्या सह्यांचे फॉर्म कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवावेत. गाडी तुमची, आरसी त्याची आणि पॉलिसीही त्याचीच. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडं येतो. ओडी तशी येत नाही. त्यासाठी व्यवहारापासून १४ दिवसांत कंपनीला अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही की चोरीच्या दिवशी कंपनी म्हणते, आमचा करार तुमच्याशी नव्हताच, आणि मूळ मालक म्हणतो, मी तर गाडी विकली. दोघंही खरंच बोलतात.

नवी गाडी घेऊन पसंतीच्या नंबरसाठी अडून बसलेल्यांची वेगळी वाट आहे. ८०५५ घेतला की प्लेटवर 'बॉस' वाचता येतं, ४१४१ घेतला की 'दादा'. तो मिळेपर्यंत तात्पुरत्या नोंदणीवर जोतिबाला जाऊन यावं, मुदत संपली तरी फिरत राहावं. मुदत संपलेल्या तात्पुरत्या नोंदणीवर फिरणारी गाडी चोरीला गेली तर क्लेम नाकारणं बरोबर आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगून ठेवलंय. इतकी खात्रीची वाट दुसरी नाही.

आता किल्ली. हा विषय जरा सावकाश घेऊ, कारण बरेच क्लेम इथंच अडखळतात आणि त्यातले काही पुन्हा उभे राहतात, ते टाळायचं आहे.

नव्या गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळतात आणि बहुतेक वेळा किल्लीचा नंबर कोरलेला एक छोटा बिल्लाही. क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. म्हणून दुसरी किल्ली सीटखालच्या टूलकिटच्या खोबणीत ठेवावी. पहिली हरवली तर सापडायला बरी. त्याच खोबणीत आरसी, पॉलिसी आणि पीयूसी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावं, म्हणजे चोराला सगळं एका जागी मिळतं. आरसी डिजिलॉकरमध्ये आणि एमपरिवहनवर दिसते, पण मोबाइलची जागा रीलसाठी राखून ठेवलेली बरी.

पहिली किल्ली गाडीलाच राहू द्यावी. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला थांबलं की कोण किल्ली काढत बसतंय? पेला रिकामा होईपर्यंत गाडी डोळ्यासमोरच असते. इथवर बरोबर आहे. अडचण पुढं येते. पॉलिसीत गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट असते, किल्ली गाडीला सोडणं म्हणजे तिचा भंग. पण अशा अटीभंगाच्या प्रकरणांत सगळा क्लेम न बुडवता 'नॉन-स्टँडर्ड' धरून ७५ टक्के द्यावेत, अशी रीत सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये घालून दिलीय. म्हणजे खरं सांगितलंत तर ७५ टक्के पदरात पडण्याचा धोका आहे. शंभर टक्के घालवायचे तर खोटं बोलावं. 'किल्ली माझ्या खिशातच होती' असं छातीठोक सांगावं, मग बिंदू चौकातून पन्नास-शंभर रुपयांत दुसरी किल्ली कापून घ्यावी आणि तीच ओरिजिनल म्हणून द्यावी. कंपनी किल्ल्या तपासते. कोरी किल्ली आणि तीन वर्षं लॉकमध्ये फिरून झिजलेली किल्ली यांतला फरक भिंग न लावताही दिसतो. फसवणुकीचं कलम लागलं की ७५ चा प्रश्नच मिटतो.

गाडी जागेवर नाही हे कळल्यावर पहिलं काम म्हणजे पोलीस ठाण्यात न जाणं. आधी सगळ्या मित्रांना फोन करावेत, मग तालमीच्या ग्रुपवर फोटो टाकावा. त्यावर 'भावा मिळंल की', 'कुठनं गेली?' आणि तीन-चार हात जोडलेली चित्रं येतात. ११२ ला फोन केला तर वेळेची नोंद होते, म्हणून करू नये. ज्या दुकानासमोर गाडी होती तिथला सीसीटीव्ही लगेच मागू नये. बहुतेक दुकानांच्या मशीनमध्ये काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं, तेवढं थांबलं की चोराचा चेहरा आपोआप पुसला जातो.

मग चौथ्या दिवशी ठाण्यात जावं. हद्द कुठली यावर अर्धा दिवस जाऊ द्यावा. खरं तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तर ऑनलाइन माहिती देऊन तीन दिवसांत सही करण्याचीही सोय आहे. हे तिथं बोलू नये, शहाणपणा दिसतो. 'दोन दिवस शोधा, मग बघू' असं कुणी म्हटलं तर साधा तक्रार अर्ज लिहून त्यावर शिक्का घ्यावा आणि समाधानानं घरी यावं. शिक्क्याचा अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे. कंपनीला गुन्हा रजिस्टर नंबर आणि भारतीय न्याय संहितेचं चोरीचं कलम ३०३ (२) लिहिलेली एफआयआर लागते, आणि तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

एफआयआर झालीच तर चेसिस नंबर तोंडपाठ सांगावा. सतरा अक्षर-आकड्यांत एक इकडचं तिकडं झालं की कागदावर दुसरीच गाडी चोरीला जाते. मग पुरवणी जबाब, पुन्हा हेलपाटे. टूलकिटमध्ये आरसी होती हेही सांगू नये. सांगितलं तर एफआयआरच्या आधारावर दुसरी आरसी काढता येते.

विमा कंपनीला कळवण्याची घाई तर मुळीच नको. एजंटच्या कानावर घातलं की झालं. त्यानं 'मी बघतो' म्हटलं म्हणजे त्यानं बघितलं. कंपनीच्या टोल-फ्रीवर फोन करून मिळणारा क्लेम नंबर हाच कळवल्याचा खरा पुरावा, पण त्यासाठी फोनवर पाच मिनिटं संगीत ऐकावं लागतं. इथंही एक खड्डा आहे. एफआयआर वेळेत झाली असेल, तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी जानेवारी २०२० मध्ये दिला. तेव्हा फक्त कंपनीला उशीर करून भागत नाही. दोन्हीकडं सारखाच उशीर करावा.

मधल्या काळात मोबाइलवर ई-चलन येऊ लागतं. चोर हेल्मेट घालत नाही आणि सिग्नलही पाळत नाही. चलनावर जागा, वेळ आणि बऱ्याचदा फोटो असतो. गाडी सांगलीला आहे की मिरजेला, हे सरकार तुम्हाला घरबसल्या कळवतं. ही चलनं तपासी अंमलदाराला दाखवू नयेत, निमूट भरून टाकावीत. आरटीओला चोरीचं पत्रही देऊ नये, उगाच गाडी पुढं कुणाच्या नावावर चढायची थांबेल.

मग कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर येतो. माणूस सहसा गोड असतो. त्याला चहा पाजावा. गाडी कुठं लावली होती, किती वाजता, किल्ली कुणाकडं, याचं उत्तर एफआयआरमध्ये लिहिलंय त्यापेक्षा थोडं वेगळं द्यावं. शेजाऱ्यानं तिसरंच सांगितलं तर उत्तम. तो इंग्रजीत जबाब लिहून 'इथं सही करा' म्हणाला की न वाचता करावी. परत मागून प्रत घेऊ नये, पाहुण्याचा अपमान होतो.

यानंतर थांबण्याचा हंगाम. गाडी सापडत नाही असा पोलिसांचा अहवाल कोर्टात जातो. गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही, याला आपल्याकडं 'अ समरी' म्हणतात. ती कोर्टानं मंजूर केली की अर्ज करून नक्कल काढावी लागते. ती आपोआप घरी येईल असं समजून बसावं. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूर चार दशकं थांबलं आणि ते १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. त्या मानानं नकलेची वाट बघणं म्हणजे काहीच नाही.

बाकी कागद किरकोळ आहेत: आरटीओचे फॉर्म २८, २९, ३०, हमीपत्राचा स्टँप, हक्क कंपनीला दिल्याचं पत्र. गाडीवर पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि ना हरकत दाखला. गाडी गेली म्हणजे कर्जही गेलं असं मानून हप्ते मात्र लगेच थांबवावेत. क्लेमचे पैसे आधी कर्जदात्याकडं वळतात. हप्ते थकवले की दंडव्याज धरून ते तिथंच जिरतात, तुमच्यापर्यंत यायचा त्रास वाचतो.

एवढं करून नकाराचं पत्र आलं की ते फ्रेम करावं. कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी दाद मागून महिनाभर वाट पाहिली, की पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाता येतं. तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही. नकारापासून एक वर्षाची मुदत असते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांची, आणि एवढ्या रकमेला तिथंही फी नाही. त्यामुळं या दोन्ही मुदती टळेपर्यंत कट्ट्यावर बसून 'विमा कंपन्या सगळ्या चोर' यावर चर्चा चालू ठेवावी.

कधीकधी गाडी सापडते. पैसे मिळाल्यावर सापडली तर ती कंपनीची. पण तुम्ही वर सांगितलेलं सगळं नीट केलेलं असल्यानं पैसे मिळालेले नसतात आणि गाडी अजून तुमचीच असते. ती ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी असते, चाकातून घाणेरीचं झुडूप आलेलं. ताब्यात घ्यायला कोर्टात अर्ज आणि बंधपत्र द्यावं लागतं. बॅटरी नसते, आरसे नसतात, पुढचा टायर दुसऱ्याच कंपनीचा असतो. सीट उचलून बघावी. टूलकिटमधले पाने आणि स्क्रू ड्रायव्हर गेलेले असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतली आरसी, पॉलिसी, पीयूसी आणि दुसरी किल्ली जागच्या जागी असते. चोराला त्यांचा काही उपयोग नव्हता.