पिरारुकू मोजतं कोण? अ‍ॅमेझॉनवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. "अ‍ॅमेझॉनचे प्राणी आदिवासींनीच मारून संपवले, संशोधनात त्यांचा उपयोग फक्त सामान उचलायला आणि वाट दाखवायला, त्यांना बाहेर काढलं तरच जंगल वाचेल आणि जगाला 20 टक्के ऑक्सिजन मिळेल." माझ्या भाचीने हे जसंच्या तसं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवलं, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात चीड येते ती सामान उचलण्याच्या मुद्द्याची. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमधला पिरारुकू मासा तीन मीटरपर्यंत वाढतो, पण श्वास घ्यायला त्याला थोड्या थोड्या वेळाने पाण्याच्या वर यावंच लागतं. मामिराउआ राखीव क्षेत्रातले मुरलेले मच्छीमार होडीत गप्प बसून 20 मिनिटांत किती मासे वर आले ते मोजतात, आणि नुसत्या आवाजावरून, पाण्याच्या खळबळीवरून सांगतात की मासा दीड मीटरच्या वरचा की खालचा. लिआंद्रो कास्तेलो या संशोधकाने ही मोजणी, मासे पकडून खूण करून सोडायचे आणि पुन्हा पकडायचे या नेहमीच्या पद्धतीशी ताडून पाहिली. 2004 साली पेपर आला, आकडे अगदी जवळ जुळले आणि मच्छीमारांची पद्धत कितीतरी पट स्वस्त आणि झटपट निघाली. 1999 पासून तिथे याच मोजणीवर कोटा ठरतो, मोठ्या माशांपैकी जास्तीत जास्त 30 टक्के पकडायचे, बाकीचे सोडायचे, आणि पिरारुकू भरपूर वाढलाय. मामिराउआचे बरेच मच्छीमार आदिवासी म्हणून नोंदलेले नाहीत हे मान्य, पण तापाउआ नदीवरचे पौमारी आदिवासीच आहेत आणि तेही असंच मोजतात. ही हमाली नाही, हे संशोधनच आहे.

शिकारीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. पेरूच्या मानू नॅशनल पार्कमध्ये मात्सिगेंका आदिवासी माकडं मारतात आणि गावांच्या आसपास स्पायडर मंकी विरळ होतात. पण तिथे बंदुकीला बंदी आहे, शिकार धनुष्यबाणाने होते, आणि गावापासून लांब गेलं की माकडं आहेत. मग "संपवले" कसं म्हणता?

ऑक्सिजनचं म्हणाल तर जंगल जो बनवतं तो जवळपास सगळा झाडांच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात तिथेच खर्च होतो.

राहिलं "बाहेर काढा". मॅपबायोमास या ब्राझीलमधल्या जमिनीचे नकाशे काढणाऱ्या प्रकल्पाने सॅटेलाइटवरून काढलेला हिशोब असा, की 1990 ते 2020 मध्ये ब्राझीलमधल्या आदिवासी जमिनींवरचं नैसर्गिक रान जेमतेम 1 टक्का घटलं, खाजगी जमिनींवरचं 20 टक्क्यांहून जास्त. जमीन बळकावणारे आणि सोन्यासाठी घुसलेले लोक यांच्याबद्दल त्या फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.