२९ इंची वाइड मॉनिटरच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात तो तुमचा हक्क, पण "२९ इंच सांगून बुटका मॉनिटर गळ्यात मारला, माणसं जाडी दिसतात, अक्षरं फुटतात, वर परतही घेत नाहीत" असं चारचौघांत लिहिलंत म्हणून उत्तरही इथेच देतो.

आधी इंचाचं. इंच तिरके मोजतात, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तुमचा जुना १९ इंची चौकोनी होता त्याची स्क्रीन उंचीला पावणेबारा इंचाच्या थोडी वरच भरते आणि या २९ वाइडची सव्वाअकरा, त्यामुळे नवा बुटका वाटतोय हे खरंच आहे, पण रुंदी बघा ना, पावणेसत्तावीसच्या आसपास, आणि टॅलीशेजारी एक्सेल उघडं ठेवायचंय म्हणून वाइड तुम्हीच मागितलात. २४ इंची फुल एचडी समोर लावून दाखवला तर "हा नेहमीसारखाच आहे" म्हणालात.

आता जाड माणसं. तुम्ही टाकलेला फोटो झूम करून बघितला, क्रोमचा गोल आयकॉन अंड्यासारखा आडवा झालाय आणि टेबलाच्या कडेला निळ्या टोकाची व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची चित्राची केबल न् तिला लावलेला कन्व्हर्टर दिसतोय. गोम तिथेच आहे. पॅनल, म्हणजे स्क्रीन, २५६० बाय १०८० पिक्सेलची (ठिपक्यांची), आणि असले स्वस्तातले कन्व्हर्टर १९२० बाय १०८० च्या पुढे जात नाहीत, मग मॉनिटर तेवढंच चित्र ताणून कडेपर्यंत नेतो, अक्षरं फुटणारच की. बॉक्समधली एचडीएमआय केबल थेट सीपीयूला लावा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये २५६० बाय १०८० निवडा. ते दिसलंच नाही तर मशीन जुनं आहे. घेताना विचारलं होतं तर "आय फाइव्ह आहे, सगळं चालतं" म्हणालात, अहो आय फाइव्ह हा प्रोसेसर २००९ पासून येतोय, दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या (पिढीच्या) बोर्डवरचा एचडीएमआय १९२० बाय १२०० लाच थांबतो. मागे डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायचं दुसरं सॉकेट) असेल तर त्यावर होऊन जाईल, नाहीतर साधं ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल.

यूट्यूबला कडेला काळ्या पट्ट्या येतात कारण तिथले बहुतेक व्हिडिओ रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणाचे आणि ही स्क्रीन २१:९ ची, कुठल्याही कंपनीचा वाइड घेतलात तरी येणारच.

राहिलं परत घेण्याचं. पॅनलमध्ये फॉल्ट असता तर एका शब्दाने बदलून दिला असता, पण चांगला चालणारा, सील फोडलेला पीस कंपनी आमच्याकडून घेत नाही. तरी एक करू, सीपीयू दुकानात घेऊन या, तुमच्यासमोर लावून बघतो, आणि कार्डाचा खर्च नको असेल तर २४ इंची घेऊन जा, वरचे पैसे परत देतो. सोमवारी दुकान बंद असतं. सीपीयू बघायला येताना मॉनिटर उचलून आणू नका, हेच मॉडेल काउंटरवर डेमोला लावलेलंय.