कोकणातील होतकरू उमेदवारास चार हिताच्या गोष्टी

यंदा उभे राहायचेच असे आपण मनाशी ठरवले असेल, घरातल्यांची नाराजी ओढवून झाली असेल आणि ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणे घालून कौलही मिळाला असेल, तर आता खरे काम उरते ते मतदार यादीचे सॉफ्टवेअर विकत घेण्याचे. गावातील जुनी मंडळी आपल्याला वेगळा सल्ला देतील. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघातून सलग तीनदा लोकसभेवर गेले, त्यांच्यानंतर मधु दंडवते १९७१ ते १९८९ या काळात पाच निवडणुका जिंकले, आणि या दोघांपैकी कोणाकडेही डॅशबोर्ड नव्हता, असे ते ऐकवतील. आपण मान डोलवावी आणि १९९१ मध्ये दंडवते हरले कसे, एवढेच नम्रपणे विचारावे. शिवाय त्या दोघांना लोकांपुढे तासभर बोलता येत असे आणि लोक बोलू लागले की गप्प बसून ऐकताही येत असे. ज्याला ही दोन्ही कामे जमतात त्याने सॉफ्टवेअरवर पैसे घालू नयेत, हे मलाही मान्य आहे. आपले तसे नाही, म्हणून हा लेख.

प्रथम यादीविषयी. निवडणूक आयोगाच्या यादीत मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढेच असते. एका पानावर साधारण तीस नावे बसतात, आणि त्या हिशेबानेच पन्नाप्रमुख, म्हणजे यादीच्या एका पानावरचे मतदार सांभाळणारा कार्यकर्ता, हे पद निर्माण झाले. ही यादी २०१८ पासून चित्रस्वरूप पीडीएफमध्ये मिळते, म्हणजे तीत नाव शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी फेटाळली. मतदारांची माहिती कोणी घाऊक उपसून नेऊ नये, हा त्यामागचा हेतू. सॉफ्टवेअरवाले या हेतूचा पूर्ण आदर राखून चित्रातली अक्षरे यंत्राकडून वाचून घेतात. यंत्राला ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फरक नेहमीच समजतो असे नाही. त्यामुळे घाडीगावकरांची अख्खी वाडी धाडीगावकर होऊन निघते आणि आडनावावरून जातीचा अंदाज बांधणारा पुढचा विभाग या वाडीला कोणत्या रकान्यात बसवावे या विवंचनेत पडतो. नाईक आणि राऊत यांच्या बाबतीत तर हा अंदाज छापा-काट्यापेक्षा फारसा बरा नसतो. तरीही आपण जातवार गोषवारा मागावाच. तो रंगीत असतो, आणि पक्षश्रेष्ठींपुढे तिकीट मागताना रंगीत कागदाचे वजन पडते.

यादीत फोन नंबर नसतात, आणि नंबराशिवाय डेटा म्हणजे नुसती जनगणना. नंबर गोळा करण्यासाठी समाजसेवेसारखा दुसरा मार्ग नाही. मोफत चष्मे वाटप शिबिरात आधारकार्डाची झेरॉक्स घ्यावी. हळदीकुंकवाला पैठणीची सोडत ठेवावी आणि कुपनावर नाव, वाडी, जन्मतारीख व मोबाइल क्रमांक यांसाठी जागा ठेवावी. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेला संघाच्या प्रवेश अर्जावर अकराच्या अकरा खेळाडूंचे नंबर घ्यावेत, राखीव खेळाडूंचेही घ्यावेत, कारण मत सर्वांचे सारखेच असते. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला असून माहिती घेण्यापूर्वी संबंधिताची संमती घ्यावी, असे तो सांगतो. ती संमती कुपनाच्या मागील बाजूस, पैठणीच्या चित्राखाली, मुंगीला चष्मा लावून वाचावी लागेल अशा अक्षरांत छापून घ्यावी. पुढे कोणी विचारलेच, तर चष्मे आपणच वाटले होते, हे सांगण्यास विसरू नये.

जन्मतारखा हाती आल्या की वाढदिवसाच्या शुभेच्छांची सोय आपोआप होते, आणि येथे मी थोडा थांबणार आहे, कारण या एका सोयीवर उमेदवारांचा जितका जीव असतो तितका जाहीरनाम्यावरही नसतो. आपल्याकडे पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी बहुतेकांची जन्मतारीख १ जून लावून दिली, हे आपल्याला ठाऊक असेल. सॉफ्टवेअरला ते ठाऊक नसते. त्यामुळे १ जूनला सकाळी सात वाजता किनाऱ्यावरील अर्ध्या म्हाताऱ्यांचे फोन एकाच वेळी वाजतात आणि आपल्या हसऱ्या छायाचित्रासह ‘आजचा दिवस आपल्या जीवनात समृद्धीची भरती घेऊन येवो’ असा संदेश उमटतो. नेमक्या त्याच दिवसापासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि ३१ जुलैपर्यंत घरात पैसा येण्याची चिन्हे नसतात. अशा वेळी जाळी शिवत बसलेल्या माणसाला समृद्धीच्या भरतीची आठवण करून देणारा एकमेव नेता म्हणून आपण त्याच्या कायम लक्षात राहाल. मतपेटी असती तर त्याने चिठ्ठीवर काही लिहूनही दिले असते. यंत्रावर ती सोय नाही, हे आपले भाग्य.

त्यानंतर घरोघरी सर्व्हे. यासाठी आपण स्वतः फिरू नये. गावातील दोन पोरांना दर भेटीमागे पैसे ठरवून द्यावेत आणि त्यांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून द्यावे. आपला मतदार हिरवा, समोरच्याचा लाल आणि कुंपणावरचा पिवळा, इतके सोपे ते असते. आता कोकणी माणूस दारात आलेल्याला नाही म्हणत नाही. तो लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, बसवतो, कोकम सरबत देतो आणि विचारल्यावर ‘तुमकाच’ म्हणतो. परवाच्या उमेदवारालाही त्याने तेच म्हटलेले असते, उद्याच्यालाही म्हणेल, आणि अशा रीतीने एकच वाडी चार उमेदवारांच्या चार मोबाइलमध्ये एकाच वेळी हिरवीगार होते. हे सॉफ्टवेअर मतदाराचा कल मोजते अशी आपली समजूत असेल तर ती तशीच राहू द्यावी. ते पाहुणचार मोजते, आणि तो मात्र अगदी अचूक मोजते. कोणते घर खरोखर कोणाचे, हे एसटी थांब्यावरच्या चहावाल्याला तीन पिढ्यांपासून माहीत असते, परंतु तो ती माहिती फुकट देतो; फुकटच्या माहितीवर विश्वास कोणी ठेवावा?

सर्व्हेत क्वचित अडचणी येतात. एका पडवीत म्हातारीने पोराच्या हातातला मोबाइल निरखून पाहिला आणि म्हणाली, “माझ्या घोवाचा नाव तुझ्या यादीत असा, पण तो गेल्याक सात वर्सां झाली. तुमी दर वर्सा त्याका वाढदिवसाचो मेसेज धाडतास, तो खंय पोचता?” पोराने बराच वेळ ॲप चाळले. ‘मयत’ असा पर्याय त्यात होता, पण तो निवडला की भेट दिलेल्या मतदारांची संख्या एकाने कमी होत होती आणि पैसे भेटींच्या संख्येवर ठरले होते. त्याने पिवळा रंग दाबला. म्हातारीने पुढे खारबंधारा फुटून शेतात खारे पाणी शिरल्याचे सांगितले, तेव्हा त्याने समस्यांची यादी उघडली. त्यात रस्ता, पाणी, वीज, रोजगार आणि इतर असे पाच पर्याय होते. खारबंधारा ‘इतर’मध्ये गेला. पुढच्या घरी वानरांनी नारळ आणि आंबा ठेवला नसल्याची तक्रार होती, तीही ‘इतर’मध्ये गेली, आणि त्यापुढच्या घरी सातबाऱ्यावर चाळीस नावे असल्याने पडक्या घराची कौले बदलायलाही कोणाची सही मिळत नव्हती, ती अर्थातच ‘इतर’मध्ये गेली. आठवड्याने आपल्यापुढे जो वर्तुळाकार आलेख येईल त्यावर मतदारसंघातील सर्वांत मोठी समस्या ‘इतर’ असल्याचे स्पष्ट दिसेल. जाहीरनाम्यात ती युद्धपातळीवर सोडवण्याचे आश्वासन द्यावे.

एव्हाना कोणी शिकलेला भाचा आपल्याला परदेशातील संशोधन दाखवू लागेल. त्याला वेळीच आवरावे. येल विद्यापीठाच्या गर्बर आणि ग्रीन या दोघा प्राध्यापकांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात प्रयोग केला, तेव्हा कार्यकर्त्याने दारात जाऊन समोरासमोर बोलल्यास मतदान चांगलेच वाढते, पण भाड्याच्या कॉल सेंटरवरून फोन केल्यास वाढत नाही, असे आढळले. पुढे कॅला आणि ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला आणि अमेरिकेतील सार्वत्रिक निवडणुकीत अशा संपर्कामुळे मतदाराचे मन सरासरी जवळजवळ अजिबात बदलत नाही, असा निष्कर्ष काढला. असले निष्कर्ष कानावर आले तर आपल्या व्हॉइस कॉलचे काय होणार? प्रचाराच्या आठवड्यात दर मतदाराला आपल्याच आवाजातील किमान नऊ फोन गेले पाहिजेत. त्यांतील दोन दुपारी जेवून पडण्याच्या वेळेला. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने आपल्या आवाजात प्रत्येकाचे नाव घेता येते. लोक भारावतात, फक्त ते नाव यंत्राने वाचलेल्या यादीतून आलेले असते, तेव्हा घाडीगावकरांना आधी सूचना देऊन ठेवावी. समोरच्याचा बनावट आवाज काढण्याचा मोह मात्र टाळावा, कारण असा मजकूर निदर्शनास आल्यापासून तीन तासांत पक्षाने तो काढून टाकावा, असे आयोगाने मे २०२४ मध्ये बजावले आहे, आणि आपल्याकडे तीन तासांत रेंज येईलच याची शाश्वती नाही.

मिशिगनमधील २००६ चा प्रयोग तेवढा आपल्या उपयोगाचा वाटतो. तेथे मतदारांना पत्रे पाठवून ‘तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांपैकी कोणी मत दिले, कोणी दिले नाही, हे आम्ही सर्वांना कळवू’ असे सांगण्यात आले आणि मतदान सुमारे आठ टक्के बिंदूंनी वाढले. शेजाऱ्याने काय केले ते शेजाऱ्याला कळावे म्हणून अमेरिकेत टपालखर्च करावा लागतो, हे वाचून मला त्या देशाची कीव आली.

मतदानाच्या दिवशी सारी व्यवस्था ॲपवरच ठेवावी. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्या प्रचारयंत्रणेने ओर्का नावाची प्रणाली अशीच मतदानाच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. तीस हजारांहून अधिक स्वयंसेवक तिच्यावर विसंबून होते, आणि ऐन वेळी अनेकांचे पिन चालेनात व यंत्रणाच कोलमडली. आपल्याकडे असे होणार नाही, कारण केंद्र खाडीलगतच्या खोलगट वाडीत असते आणि तेथे ॲप कोलमडण्याइतपतही नेटवर्क नसते. केंद्रापासून दूर मांडलेल्या टेबलावरचा पोरगा कोणाला चिठ्ठी दिली याच्या खुणा करील, तासातासाने मोटारसायकल काढून सड्यावरच्या उंच माळावर जाईल, हात उंच करून डेटा पाठवील आणि परत येईल. तेवढ्यात बारा बाया मत देऊन भाताला निघून गेलेल्या असतील व वॉर रूममधून त्यांना ‘अजून मतदान केले नाही का?’ असे विचारणारे फोन सुरू झालेले असतील. मतदाराला द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर असावी, तीवर उमेदवाराचे वा पक्षाचे नाव किंवा चिन्ह असू नये, असा आचारसंहितेचा नियम आहे. खिशातल्या छोट्या प्रिंटरवर छापलेल्या चिठ्ठीचा कागद पांढराच असतो, म्हणजे निम्मा नियम पाळला गेला.

राहता राहिले चाकरमानी. दिवा, नालासोपारा आणि लालबाग येथील गाववाले हा आपल्या डेटाचा कणा आहे, कारण त्यांचे नाव बहुधा येथेही असते आणि तेथेही, कायद्याने एकाच ठिकाणी असायला हवे तरीही. २०२४ च्या लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी आणि मुंबईत २० मे रोजी मतदान होते, म्हणजे मधल्या काळात आंबे खाऊन सावकाश परतायला जागा होती. विधानसभेला मात्र २० नोव्हेंबरला साऱ्या राज्यात एकाच दिवशी मतदान ठेवून आयोगाने कित्येकांची तारांबळ उडवली. मतदारांना केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने गाडी भाड्याने करणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरतो. त्यामुळे आपण बसगाड्या कधीही मतदानासाठी काढू नयेत. त्या देवदर्शनासाठी काढाव्यात, आणि देव नेमका शाळेच्या मागे असावा.

खर्चाचा तपशील मी येथे देत नाही. विधानसभेसाठी उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, आणि सॉफ्टवेअर, सर्व्हे व व्हॉइस कॉल हे सर्व कोणा ना कोणा हितचिंतकाने प्रेमापोटी केलेले असते, हे आपण जाणताच.

विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न आठवणीने विचारावा. पाच वर्षांत आपला पक्ष, आघाडी आणि चिन्ह बदलण्याचा संभव आहे, तर अशा वेळी सगळी हिरवी घरे लाल आणि लाल घरे हिरवी करण्याचे बटण त्यात दिले आहे का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का? माझ्या माहितीच्या एका विक्रेत्याने आता ते बटण पहिल्याच पडद्यावर आणून ठेवले आहे, कारण मागच्या वेळी सर्वांत जास्त फोन ते बटणच शोधण्यासाठी आले होते.