‘एम.आर्क. करा, कर्ज दोन वर्षांत फिटतं’ : आधी हिशेब मांडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांमध्ये बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) आणि एम.आर्क. (त्यापुढची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी) यांवरून एक मेसेज फिरतोय : ‘नुसत्या बी.आर्क.ला आता किंमत नाही. एम.आर्क. झालं की पगार दुप्पट, स्वतःच्या ऑफिसला गिऱ्हाईक जास्त, शिवाय कॉलेजात प्राध्यापकी आहेच. कर्ज काढा, दोन वर्षांत फिटतं.’ या भरवशावर कर्जाचे अर्ज भरले जातायत, म्हणून हे लिहितोय.

‘किंमत नाही’ हे साफ चूक. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे पाच वर्षांचं मान्यताप्राप्त बी.आर्क. झालं की काऊन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते. ती बेळगावात चालते तशी कोल्हापूर-पणजीतही. एम.आर्क.ने नकाशावरच्या सहीचं वजन वाढत नाही.

गिऱ्हाइकाचं तर त्याहून वेगळं. सुप्रीम कोर्टाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं की कायदा ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवतो, ते काम करायला इतरांना बंदी घालत नाही. त्यामुळे घराचे नकाशे इंजिनिअर काढतात, ड्राफ्ट्समनही काढतात. बेळगावच्या टिळकवाडीत किंवा अनगोळात 30 बाय 40 फुटांचा प्लॉट घेतलेला माणूस टेबलावर उतारा आणि ‘बुडा’च्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) लेआउटची झेरॉक्स पसरतो आणि विचारतो : गाडी लावून खाली किती खोल्या बसतील? परवानगी कधी मिळेल? स्क्वेअर फुटाला काय पडेल? याची उत्तरं साईटवर उन्हात उभं राहून येतात. भिंतीवर दुसरी पदवी आहे का, हे तो बघत नाही.

आता पगार. समजा, दोन वर्षांची फी 4 लाख. पुण्यात खोली-जेवण महिना 12,000, म्हणजे 2,88,000. आणि मेसेजवाले कधीच धरत नाहीत तो खर्च : त्या 24 महिन्यांत घरी राहून 20,000 पगार मिळाला असता, ते 4,80,000 बुडाले. बेरीज 11,68,000. पुढे पगार महिना 10,000 ने जास्त मिळाला, तरी वसुलीला पावणेदहा वर्षं लागतात, तीही व्याज न धरता. शैक्षणिक कर्जाला शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. आकडे तुमचे घाला, पण बुडालेला पगार धराच.

प्राध्यापकीचा मुद्दा तेवढा खरा आहे. सहायक प्राध्यापक व्हायला एम.आर्क. लागतं, आणि सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. मात्र प्रत्येक खासगी कॉलेज ते देतंच असं नाही. नेमणूकपत्रातला आकडा बघितल्याशिवाय त्यावर कर्ज काढू नका.

ज्याला वारसा जतन, लँडस्केप किंवा नगररचनेतच काम करायचंय, त्याने एम.आर्क. जरूर करावं. बेळगावच्या किल्ल्यातलं 1204 सालचं जैन मंदिर कमल बस्ती असो की शहापुरातला जुना वाडा, तिथे हात घालायला वेगळं शिक्षण लागतंच. अशा मुलांनी गेट, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा, द्यावी. गेट पात्र होऊन एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत प्रवेश मिळाला, तर महिना 12,400 विद्यावेतन मिळू शकतं; इतर कॉलेजात ते एम.आर्क.ला लागू आहे का, हे आधी विचारून घ्या. मिळालं तर 24 महिन्यांचे 2,97,600 होतात, वरच्या हिशेबातलं खोली-जेवण त्यात निघतं. गेट पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. म्हणजे शेवटच्या वर्षात परीक्षा देऊन, एक-दोन वर्षं साईटवर पगार घेऊन, मग प्रवेश घेता येतो.