रेल्वे कागदावर आहे तोवरच

कोल्हापूरला कोकण रेल्वेशी जोडणाऱ्या नियोजित कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेचा विषय निघाला की माझा आतेभाऊ कसबा बावड्याकडच्या एखाद्या प्लॉटचा फोटो पाठवतो. "दादा, आत्ताच घेऊन ठेव, गाडी सुरू झाली की हात लावता येणार नाही," असे त्याचे म्हणणे असते आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. मला मात्र त्याच प्लॉटमागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहून शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीला जाणाऱ्या कामगाराची काळजी वाटते.

मी लंडनच्या आग्नेय टोकाला, ॲबी वूड येथे राहतो. मे २०२२ मध्ये येथे एलिझाबेथ लाइन ही नवी शहरी रेल्वे सुरू झाली आणि शहराचा मध्य एकदम जवळ आला. आमच्या खालच्या मजल्यावर रुग्णालयात सफाईचे काम करणारी एक बाई राहत असे. या गाडीची तिने आमच्यापेक्षा जास्त वाट पाहिली होती. करार संपल्यावर घरमालकाने मागितलेले वाढीव भाडे तिला झेपले नाही. जिन्याखाली राहिलेली मुलाची सायकल न्यायला ती महिन्याभराने दोन बस बदलून आली होती.

या मार्गासाठी लंडनने २०१० पासून मोठ्या व्यवसायांवर अधिभार आणि २०१२ पासून नव्या बांधकामांवर आकार बसवला, हे मला पूर्ण पटते. ज्याची जागा मार्गामुळे महागते त्याने खर्चाचा वाटा उचललाच पाहिजे. फसगत झाली ती घरांना लावलेल्या 'परवडणारे' या शब्दात. बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडे असलेले घरही इंग्लंडमध्ये २०११ पासून परवडणारे ठरते, आणि बाजारभाव चढला की ते ८० टक्केही त्याच्याबरोबर चढतात. भाडे कामगाराच्या पगाराशी बांधले, तरच त्या शब्दाला अर्थ राहतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आहे, परंतु तो दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी केला गेला; २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांचे होते. निदान स्थानकांच्या परिसरात ही लोकसंख्येची अट काढावी आणि ती मार्ग कागदावर आहे तोवरच काढावी, एवढेच माझे म्हणणे आहे. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात त्यामुळे थोडे कमी पडेल, हे मी नाकारत नाही. पण सौदे होऊन गेल्यावर नियम आला तर बिल्डर तो बोजा उरलेल्या फ्लॅटच्या किमतीत घालणार.

कोल्हापूरला हा विचार परका नाही. १९०१ पासून शाहू महाराजांनी खेड्यांतल्या गरीब मुलांसाठी शहरात वसतिगृहे उभी केली, कारण शाळा असून उपयोग नव्हता, तिच्याजवळ राहायला जागा हवी होती. दसरा चौकात ती बोर्डिंगे आजही दिसतात.

प्लॉट नको, असे मी आतेभावाला कळवले आहे. मागच्या खोल्यांचे आजचे भाडे तेवढे विचारून लिहून ठेव, असे सांगितले आहे.